डब्यातलं कोल्हापूर : प्रकल्पाच्या नोंदी, जून ते डिसेंबर २०२४

९ जून, रविवार

काम काय आहे ते आधी लिहून ठेवते. थंड पेयाचे अर्धा लिटरचे रिकामे डबे घ्यायचे. वरचं झाकण कापायचं, पोटाला सुईनं भोक पाडायचं, आत फोटोचा ब्रोमाइड कागद गोल वळवून बसवायचा आणि काळ्या टेपनं सगळं बंद करून डबा उघड्यावर घट्ट बांधायचा. मग सहा महिने त्याला हात लावायचा नाही. भिंग नाही, शटर नाही, बॅटरी नाही. सूर्य रोज आकाशातून जाताना कागदावर एक रेघ ओढतो. ढग आला की रेघ तुटते. याला सोलारग्राफी म्हणतात. २००० सालाच्या सुमारास पोलंड आणि स्पेनमधल्या काही छायाचित्रकारांनी ही पद्धत रुळवली आणि तिथून ती जगभरच्या हौशी लोकांत पसरली.

हे कशासाठी, तेही लिहिते. शिरोलीच्या एका मशीन शॉपमध्ये मी क्वालिटीला आहे. दिवसभर हातात मायक्रोमीटर आणि समोर ड्रॉइंग. ड्रॉइंगवर दिलेल्या टॉलरन्समध्ये, म्हणजे चालणाऱ्या फरकात, जॉब बसला तर पास, नाही तर रिवर्क, तेही जमणार नसेल तर लाल रंग मारून रिजेक्टच्या बिनमध्ये. हे काम मला मनापासून आवडतं. पण गेल्या काही वर्षांत तीच नजर माझ्या फोटोंवर बसली. पहाटे रंकाळ्यावर जायचं, घरी येऊन फोटो स्क्रीनवर शंभर टक्के मोठा करायचा. बगळ्याचा डोळा किंचित सॉफ्ट आलाय, क्षितिज अर्धा अंश कललंय, फांदीच्या कडेला जांभळी किनार दिसतेय. डिलीट. फोटो काढायला लागणारा वेळ कमी आणि तपासायला लागणारा जास्त, असं होऊन बसलं. सकाळी ज्यानं मन मोकळं व्हायचं, त्याच्यावरून मी दमून उठायला लागले.

म्हणून हे सहा महिने असं काहीतरी करायचं, ज्यात मधे उघडून बघताच येत नाही.

१६ जून, रविवार

भोक. या कॅमेऱ्यात भाग म्हणावा असा एवढाच, त्यामुळे त्याला वेळ दिला.

भोकाचं माप मनाला येईल ते चालत नाही. मोठं झालं तर चित्र धूसर येतं. फार बारीक झालं तर उजेड त्याच्या कडेला वळतो आणि चित्र पुन्हा धूसरच येतं. रेली या शास्त्रज्ञाच्या नावानं ओळखलं जाणारं सूत्र यासाठी अजून वापरतात: भोकापासून कागदापर्यंतचं अंतर गुणिले उजेडाची तरंगलांबी, त्याचं वर्गमूळ, गुणिले १.९. डब्याचा व्यास ६६ मिमी, हिरव्या उजेडाची तरंगलांबी ०.०००५५ मिमी. उत्तर येतं ०.३६ मिमी.

डब्याचा पत्रा जेमतेम ०.१ मिमी जाडीचा. खाली जुनं मासिक ठेवून सुईचं टोक नुसतं टेकवायचं, मागून जो फुगवटा येतो तो झिरो नंबरच्या पॉलिश पेपरनं घासायचा, पुन्हा टोचायचं, पुन्हा घासायचं. घाईनं सुई आरपार घातली तर कडा फाटते. जेवणाच्या सुट्टीत पत्र्याचा तुकडा प्रोफाइल प्रोजेक्टरवर ठेवला. वीस पट मोठी सावली पडद्यावर पडली. आडवं माप ०.३४, उभं ०.३८, खालच्या कडेला एक केसाएवढी बर, म्हणजे धातूची उभी राहिलेली कड. बर काढता आली. लंबगोलपणा तसाच राहिला.

आमचे टर्नर मामा मागे येऊन उभे होते. चाळीस वर्षं लेथवर घालवलेला माणूस, पडद्यावर नजर टाकली की माप सांगतो.

"मॅडम, गोल न्हाई की ह्ये. रिजेक्ट मारा."

"मामा, कशावर रिजेक्ट मारू?"

"ड्रॉइंग कुठाय ह्येचं?"

ड्रॉइंग नव्हतं. रेलीच्या सूत्रानं माप दिलं होतं, पण ते चित्र बरं यावं म्हणून. चित्र कसं यायला हवं ते कुठंच काढून ठेवलेलं नाही. मामा "मग कसं ठरवायचं?" म्हणाले आणि मशीनवर गेले. ते सहज म्हणाले असतील, पण मला तो प्रश्न दिवसभर पुरला.

२१ जून, शुक्रवार

आजच डबे लावले. आज उत्तरायणाचा शेवट. आजपासून डिसेंबरच्या २१ पर्यंत सूर्य रोज थोडा थोडा दक्षिणेकडे सरकत जाईल आणि नंतर त्याच वाटेनं परत येईल. म्हणून सहा महिन्यांची ही मुदत. त्यापुढे ठेवलं तर नव्या रेघा जुन्या रेघांवरच चढतात.

दिशा ठरवायला फार डोकं खाजवावं लागलं. इंटरनेटवरचं सगळं मार्गदर्शन युरोपातलं: डब्याचं तोंड दक्षिणेला करा, डबा सरळ उभा बांधा. तिथं ते बरोबर आहे, सूर्य कायम दक्षिणेला आणि खालून जातो. कोल्हापूर साधारण १६.७ अक्षांशावर. आज दुपारी सूर्य आपल्या डोक्याच्याही उत्तरेला जवळजवळ सात अंश होता. दक्षिणेकडं तोंड केलेल्या डब्याला तो दुपारी दिसणारच नाही. आणि डिसेंबरात, सगळ्यात खाली असतानाही, दुपारी तो ५० अंशांवर असणार. सरळ उभ्या डब्याचा कागद मधोमध जेमतेम ४४ अंशांपर्यंतच बघतो.

तेव्हा असं केलं. घराच्या गच्चीवरचा डबा पूर्वेला, सरळ उभा. उगवता सूर्य वर्षभरात पूर्वेच्या डावी-उजवीकडे सुमारे २५ अंशच सरकतो, तेवढं सगळं या डब्यात मावतं. शॉपच्या छपरावरचा डबा दक्षिणेला, पण ३० अंश मागे कलता, लोखंडी अँगलला केबल टायनं बांधलेला. हिशोब केला तर त्याला दुपारचा सूर्य सप्टेंबरच्या शेवटी दिसायला लागेल. तिसरा डबा शुक्रवार पेठेत मैत्रिणीच्या गच्चीवर, पंचगंगेकडं तोंड करून, म्हणजे त्यात मावळतीच्या रेघा यायला हव्यात.

कागद जुना आहे. महाद्वार रोडच्या बाजूला एक स्टुडिओ बंद झाला, त्यांच्या माळ्यावरून ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' कागद मिळाला, ५ बाय ७ इंची. मुदत केव्हाच संपलेली. डेव्हलप केला तर करडा पडतो, पण इथं डेव्हलप करायचाच नाही, उन्हानंच काळा व्हायचाय.

शेजारच्या आक्का कठड्यापाशी येऊन बघत होत्या.

"काय गं, डब्यात काय घातलंयस? करणीबिरणी न्हवं न्हवं?"

समजावून सांगितलं. मग म्हणाल्या, "आणि पावसात गं?" पावसाचं काय, ते मलाही बघायचंच आहे.

३० जून, रविवार

सहा महिने नुसतं बसून राहणं जमणार नाही, म्हणून शेजारी एक छोटं काम काढलं. चहाच्या पत्र्याच्या डब्याचा आणखी एक कॅमेरा केला. यात तोच कागद, पण काही सेकंदांचं, फार तर काही मिनिटांचं एक्स्पोजर आणि रीतसर डेव्हलप. भोकाची झडप म्हणजे काळ्या टेपचा तुकडा.

डेव्हलपर घरचाच. इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि क जीवनसत्त्वाची पावडर. रोचेस्टरच्या तंत्रसंस्थेत स्कॉट विल्यम्स नावाच्या प्राध्यापकांनी १९९५ साली विद्यार्थ्यांना घेऊन कॉफीवर प्रयोग केले, तिथून हे पुढे आलं. चांदीवर काम करतं ते कॉफीतलं कॅफिक ॲसिड, कॅफीन नाही. अर्ध्या लिटरला सोडा २७ ग्रॅम, क जीवनसत्त्व ८ ग्रॅम, कॉफी २० ग्रॅम. चिकोरी मिसळलेली कॉफी घेतली नाही. पाणी माठातलं, कारण नळाचं कोमट येतं. बाथरूममध्ये झिरोचा लाल बल्ब, बादलीवर फळी, फळीवर तीन ट्रे. शेवटी हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं द्रावण. वास म्हणाल तर फार वाईट येतो, खिडकी उघडता येत नसल्यानं तो अंगावर घ्यावाच लागतो.

आज पहिला चांगला कागद तालमीत आला. पाऊस थांबून कौलांच्या फटीतून ऊन पडलं होतं, वस्तादांची परवानगी घेतली आणि डबा हौद्याच्या कठड्यावर ठेवला. कागदाला लाल उजेड दिसत नाही, निळा तेवढा दिसतो. त्यामुळे तालमीची लाल माती छापावर कोळशासारखी काळी आली. भिंतीवरच्या मारुतीचा शेंदूरही काळा. पोरं जोर मारत होती, त्यांतलं एकही कागदावर टिकलं नाही, मातीवर एक फिकट धग तेवढी उरलीय. जो पोरगा दम घ्यायला भिंतीला टेकून बसला होता, तो मात्र अख्खा आला, गुडघ्यावरच्या हातासकट.

मी हा कागद वाळत टाकून बराच वेळ बघत बसले. माती लाल असते हे मला माहीत आहे. पण तालमीत पाऊल टाकल्यावर बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना ती पहिल्यांदा अशीच दिसते.

७ जुलै, रविवार

केशवराव भोसले नाट्यगृह, समोरून. पावसाची उघडीप होती पण आभाळ भरलेलं, एक्स्पोजर साडेतीन मिनिटं दिलं. दगडी दर्शनी भाग आलाय, एक उभी स्कूटर आलीय. येणारी-जाणारी माणसं गेलीत. उजव्या बाजूनं मात्र उजेडाचा एक जाड ओघळ उतरलाय, पार पायरीपर्यंत. डब्याचं झाकण एका कडेला चेपलंय, तिथून उजेड आत शिरतो. झाकण ठोकून सरळ केलं, आतून काळं वेल्व्हेट लावलं. हा कागद बाजूला ठेवला, पुढच्या महिन्यात ऊन असताना पुन्हा काढेन.

२६ जुलै, शुक्रवार

पंचगंगेनं धोक्याची ४३ फुटांची पातळी ओलांडलीय. शॉपमध्ये निम्मी माणसं नाहीत, बरेच जण गावाकडं अडकलेत. मैत्रिणीला फोन केला. तिनं तळमजल्यावरचं सामान वर हलवलंय. २०१९ आणि २०२१ पाहिलेलं घर आहे, पाणी वाढायला लागलं की काय आधी उचलायचं हे त्यांच्या हातांना ठाऊक आहे. डब्याचं मी विचारलं नाही. तीच म्हणाली, "तुझा डबा आहे जाग्यावर, गच्चीतून दिसतोय. नदीकडंच बघत बसलाय."

६ ऑगस्ट, मंगळवार

हिशोबानं आज-उद्याच सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. असं वर्षातून दोनदा होतं, मेच्या पहिल्या आठवड्यात आणि आता. मे महिन्यातला शून्य सावलीचा दिवस सगळे शाळकरी पोरांना घेऊन साजरा करतात. ऑगस्टमधला ढगात जातो. आजही गेला.

९ ऑगस्ट, शुक्रवार

काल रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. रंगमंच गेला, छप्पर गेलं. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ पासून उभं असलेलं थिएटर. आज संगीतसूर्य केशवराव भोसल्यांची जयंती. सकाळी खासबागेच्या बाजूनं गेले तर माणसं नुसती उभी होती, कोणी कोणाशी बोलत नव्हतं. एक आजोबा रडत होते. मी शाळेत असताना त्या रंगमंचावर स्नेहसंमेलनात उभी राहिलेय. आज शॉपला उशिरा गेले आणि कोणी काही विचारलं नाही.

११ ऑगस्ट, रविवार

७ जुलैचा कागद काढला.

तो ओघळ तसाच आहे. उजव्या बाजूचा खांब त्याखाली निम्मा गेलाय. आता पुन्हा काढायचा म्हटलं तर काय काढणार? दगडी भिंती आहेत, थिएटर पुन्हा उभं करणार असंही सांगताहेत, आणि कोल्हापूर ते उभं केल्याशिवाय राहणार नाही. पण माझ्या कागदावर जे उभं आहे, त्याचं छप्पर शाबूत आहे.

शॉपमधल्या नियमानं हा कागद रिजेक्ट. दोष कुठून आला ते माहीत, टाळता येण्यासारखा होता तेही माहीत. नियमाला एक बाजू आहे जी मी आजवर कधी तपासली नव्हती: रिजेक्ट करता येतं कारण तसाच दुसरा जॉब करता येतो. बार स्टॉक आहे, लेथ आहे, ड्रॉइंग आहे. इथं दुसरा जॉब नाही. मी स्क्रीनवर शंभर टक्के मोठे करून जे फोटो डिलीट केले, त्यांतल्या कशाकशाचा दुसरा जॉब उरलेला नाही, याची यादी डोक्यात आपोआप सुरू झाली आणि मला ती थांबवता येईना. रंकाळ्यावर रोज भेटणारे, धोतराचा सोगा धरून चालणारे एक गृहस्थ. आमच्या जुन्या घराची चौकट. आईचा एक, हलला म्हणून काढून टाकलेला.

१८ ऑगस्ट, रविवार

या आठवड्यात ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनचे फोटो बघत होते. जन्म कोलकात्याचा, १८१५. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुलीनं कॅमेरा भेट दिला आणि तिथून ती सुरू झाली. तेव्हा काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतून ती ओली असतानाच एक्स्पोजर द्यायचं आणि ओली असतानाच डेव्हलप करायचं. धूळ, केस, बोटांचे ठसे, सगळं त्या थरात अडकायचं. तिच्या काचांवर ते भरपूर आहे, आणि फोकसही बऱ्याचदा मऊ. तिच्या काळच्या छायाचित्रण संस्थांमधल्या जाणत्यांनी त्यावर कडक टीका केली. तिनं चेहऱ्यांवरचा जीव सोडला नाही. आज दीडशे वर्षांनी त्या बाईच्या बोटाचा ठसा काचेच्या कडेला दिसतो तेव्हा मला तो पुसावासा वाटत नाही. ती तिथं होती, हात ओले होते, घाई होती, एवढं तो सांगतो.

यावरून माझ्यापुरता एक नियम लिहिते, कारण नियमाशिवाय मला काम करता येत नाही. जी खूण घडलेल्या गोष्टीतून आली ती ठेवायची: पाऊस, ढग, ओल, जुना कागद, हललेला माणूस. जी खूण निष्काळजीपणातून आली, म्हणजे स्कॅनरच्या काचेवरची धूळ, सैल टेप, चेपलेलं झाकण, ती पुढच्या वेळी येऊ द्यायची नाही. "अपूर्णतेतच सौंदर्य असतं" हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं आणि मला ते पटत नाही. त्यात सैल टेपलाही माफी मिळते. मामांनी कडा फाटलेलं भोक सुंदर म्हणून खपवून घेतलं नसतं, आणि त्यांचं बरोबरच आहे.

नाट्यगृहाचा कागद या नियमात बसत नाही. चेपलेल्या झाकणाचा ओघळ आहे तो. तरी तो मी ठेवणार आहे. नियम तिथं उघडाच ठेवते.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा झाला. शॉपला खंडेनवमीला मशीनची पूजा झाली, मायक्रोमीटरलाही हळदकुंकू लागलं. आज गच्चीवर सहज गेले तर पूर्वेच्या डब्याच्या भोकावर मातीचा लिंपणगोळा. कुंभारीण माशीनं बरोबर भोकावरच घर बांधलंय. केव्हापासून, सांगता येत नाही. ऑक्टोबरचं ऊन इतकं स्वच्छ पडलंय, आणि डबा आंधळा.

घर रिकामं होतं, ते पाहून घेतलं. ओल्या कापसानं माती भिजवली आणि मऊ ब्रशनं काढली. सुई लावली नाही, भोकाची कड फाटली असती. आक्का म्हणाल्या, "तिला काय म्हाईत गं, तुझं काय चाललंय ते." खरंच आहे.

१० नोव्हेंबर, रविवार

किरणोत्सवाचा मधला दिवस. अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख. मावळतीचे किरण महाद्वारातून, गरुड मंडपातून गाभाऱ्यापर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी मधला भाग, तिसऱ्या दिवशी मुख. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. दोन वेळा का, हे डब्यांचा हिशोब करताना मला नीट कळलं. या दोन्ही तारखांना सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला जवळपास तेवढाच, सुमारे १७ अंश असतो. जाताना एकदा, येताना एकदा, तीच वाट. माझ्या कागदावर या दोन तारखांच्या रेघा एकमेकींवर बसल्या असत्या.

वाटेतल्या इमारती, क्षितिजावरचे ढग, हवेतली धूळ यांमुळे किरण कित्येकदा मुखापर्यंत पोचत नाहीत, कमरेशी थांबतात. तरी माणसं तारीख धरून येतात. आज गर्दीत माझ्यापुढं एक बाई लेकराला खांद्यावर घेऊन उभी होती. तिला त्या किरणांचा कोन किती, हे ठाऊक असण्याचं कारण नाही. पण ती ज्या शांतपणे वाट बघत होती, तशी मी कॅमेरा हातात असताना कधी बघितलेली नाही.

१ डिसेंबर, रविवार

खरी कॉर्नरला कॅमेरा स्तंभाचा फोटो घेतला, चहाच्या डब्यानं, चाळीस सेकंद. ऊन चांगलं, झाकण आता बरोबर बसतं, कागद स्वच्छ आलाय. बाबूराव पेंटर आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव यांनी याच गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतःच्या हातानं बनवायचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी दामल्यांसारख्या शिष्यांना हाताशी धरून १९१८ च्या सुमारास तो पुरा केला. मेस्त्री घराणं, लाकूड आणि रंग हातातले. त्यांनी फिल्मचं एकेक छिद्र बरोबर दातात बसवण्यासाठी किती घासलं असेल, हे ज्यानं एकदा तरी कानस धरलीय त्यालाच समजेल. हौसेच्या कामातही माप सोडायचं नसतं, हे मला त्या स्तंभापाशी उभं राहून फार आतून वाटलं.

२२ डिसेंबर, रविवार

काल सूर्याचं दक्षिणायन पुरं झालं. आज डबे उतरवले.

शॉपचा आणि घरचा डबा हलका. शुक्रवार पेठेतला हातात घेतला तेव्हा आत पाणी हललं. कागद अंधारात बाथरूममध्येच काढले. नदीकडच्या कागदाच्या एका कडेचा थर सुटून लाटांसारखा गोळा झालाय, त्यावर बुरशीचे गोल डाग. डेव्हलप करायचं नाही, हायपोतही घालायचं नाही, नाहीतर आहे ते चित्रही फिकट होतं. कागद वाळवून काळ्या पाकिटात ठेवले. स्कॅन करायलाही एकच संधी, कारण स्कॅनरचा उजेडही कागद काळा करत जातो. आज घाई नको.

२५ डिसेंबर, बुधवार

सुट्टी. स्कॅनरची काच तीनदा पुसली, टॉर्च तिरका धरून बघितली, मग एकेक कागद ठेवला. संगणकावर उलटवून, डावं-उजवं बदलून घेतलं.

दक्षिणेचा डबा: सप्टेंबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंतच्या कमानी, वरून खाली उतरत आलेल्या, खाली शॉपचं छप्पर आणि पाण्याची टाकी. हिशोब बरोबर निघाला याचा आनंद झाला. बाकी त्यात फार काही नाही.

नदीचा डबा: जिथं थर सुटला तिथं नदी असायला हवी होती, तिथं आता गंजाच्या रंगाचा एक फाटका पट्टा आहे. त्याच्या वर मावळतीच्या रेघा तिरप्या उतरतात आणि बुरशीच्या डागांतून आरपार जातात. मैत्रिणीला पाठवला. ती म्हणाली, "पाणी इथपर्यंत आलं नव्हतं गं." मग थोड्या वेळानं, "पण आत तर आलं."

पूर्वेचा डबा मात्र मी संध्याकाळपर्यंत बघत होते. युरोपातल्या फोटोंत सूर्याच्या वाटा लांबलचक वाकड्या कमानी असतात. आमच्याकडं सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो, थोडासा दक्षिणेकडं झुकून. रेघा कागदावर उभ्या, उजवीकडं कललेल्या. पूर्वेकडं तोंड केलं की डावीकडं उत्तर. म्हणजे जूनच्या रेघा डाव्या टोकाला, सप्टेंबरच्या रेघा मधोमध, डिसेंबरच्या उजव्या टोकाला. उजवा अर्धा भाग दाट विणलेला आहे, रेघेला रेघ लागून. डावा अर्धा जवळजवळ रिकामा. मधेच एखादा तुकडा, बोटाच्या पेराएवढा, मग काही नाही, मग दोन ठिपके.

तो आमचा पावसाळा आहे. जूनची अखेर, जुलैचा पूर, आगीच्या दुसऱ्या दिवसाची ती राखाडी सकाळ, सगळं त्या न उमटलेल्या भागात आहे. दाट उजव्या भागात मधेच एक सरळ, कोरी पट्टी आहे, ऑक्टोबरच्या जागी. तिथं ढग नव्हते, तिथं कुंभारीण होती. ढगानं सोडलेली जागा तुटक-तुटक असते, कडा विरलेल्या. माशीनं बंद केलेली जागा एकाच रेघेपाशी सुरू होते आणि एकाच रेघेपाशी संपते. एकाच कागदावर दोन प्रकारचं 'काही नाही' इतकं वेगळं दिसू शकतं, हे मला बघेपर्यंत ठाऊक नव्हतं.

भोकाच्या लंबगोलपणाचा परिणाम शोधला. रेघांची जाडी आडवी आणि उभी सारखी नसणार, असा अंदाज होता. कागदावर तो फरक दिसत नाही. कागदाची ओल आणि भोकाची मूळचीच धूसर नजर यांत तो केव्हाच बुडून गेलाय.

२९ डिसेंबर, रविवार

काल शॉपमध्ये प्रिंट नेला होता. मामांनी चष्मा पुसला, पूर्वेचा फोटो प्रोफाइल प्रोजेक्टरच्या काचेवरच ठेवून बघितला. डाव्या रिकाम्या भागावर बोट ठेवलं.

"हितं काय झालंय?"

"पाऊस, मामा. जून ते सप्टेंबर."

"आणि ही पट्टी?"

कुंभारणीचं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "पुढचा डबा कवा लावणार?"

हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या बेफर्डबरी वेधशाळेत रेजिना वाल्केनबोर्ग या विद्यार्थिनीनं २०१२ साली असाच एक डबा लावला आणि तो तिथंच विसरला गेला. २०२० मध्ये कोणीतरी उतरवला तेव्हा आत आठ वर्षांच्या सूर्याच्या वाटा निघाल्या. असं लांब काही करायची मला आत्ता घाई नाही. पण पूर्वेच्या डब्याची जागा मोकळी ठेवायचीही इच्छा नाही. पुढची फेरी आजपासूनच, २१ जूनपर्यंत. यंदा डब्याच्या बुडाला पाणी निघायला बारीक छिद्र आणि त्यावर आतून काळ्या टेपची आडोशाची झडप. झाकणाला दुहेरी टेप. नदीकडचा डबा पुन्हा त्याच गच्चीवर, त्याच जागी. भोकावर कुंभारीण येऊ नये म्हणून काही लावायचं का, यावर विचार केला आणि नाही लावायचं असं ठरवलं. महिन्यातून एकदा गच्चीवर जाऊन नुसतं बघेन.

नाट्यगृहाचा कागद मोठा करून घेतलाय, ओघळासकट. तो उजळून, दुरुस्त करून द्यायला प्रिंटवाला तयार होता. नको म्हणाले. आजच्या यादीत त्याच्यापुढं 'पास' लिहिलं नाही आणि 'रिजेक्ट'ही लिहिलं नाही. तारीख लिहिली, ७ जुलै २०२४, साडेतीन मिनिटं.

या वेळचं भोक मामा पाडून देणार आहेत. त्यांच्या हातानं ते माझ्यापेक्षा गोल येईल यात शंका नाही. माप मी प्रोजेक्टरवर घेणारच आहे.